निकिता हजर आहे

सावळदरी, ता. झरी जामणी
२७ नोव्हेंबर २०२४

मंजुआत्या,

नमस्कार मागाहून करतो, आधी भांडतो. कानाचं यंत्र आणून वर्ष झालं आणि तू ते कपाटात ठेवलं आहेस, असं बाबा सांगत होते. इथे मी टेकडीवर चढून रेंज मिळवायची आणि पलीकडून तुझं एकच, 'काय म्हणालास?' त्यापेक्षा पत्र बरं. चुका काढायला का होईना, तू ते नीट वाचशील.

शाळा कशी चालली आहे, विचारलं होतंस. पहिली ते सातवी मिळून वीस मुलं. शिक्षक दोन. मधुवंतीताई लहानांना घेतात, मी मोठ्यांना, आणि शाळेचा कारभारही माझ्याकडेच. वीस हा आकडा सहज लिहिला, पण सध्या आमचा जीव त्यातच अडकला आहे. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद करून मुलांना सहा किलोमीटरवरच्या शाळेत पाठवणार, अशी तालुक्यात चर्चा आहे. मधे जंगल आहे आणि पावसाळ्यात नाला. लहान पोरांना कोण पाठवणार आहे तिकडे?

आणि नेमकी त्या विसांतली एक येईनाशी झाली आहे. निकिता, सातवीची. पावसाळ्यात तुला लिहिलं होतं तीच, कडेवर धाकटा भाऊ घेऊन येणारी आणि गणिताचं उत्तर माझ्या आधी काढणारी. दिवाळीच्या सुट्टीनंतर चार-पाच दिवस आली आणि मग बंद. कारण आपल्या भागातलं नेहमीचंच, कापूस फुटला आहे. आई विमलबाई उजाडताच वेचायला जाते, घरचं तीन एकर झालं की दुसऱ्यांचं. वडील बबनराव हंगामभर वणीकडे कापसाच्या जिनिंग कारखान्यात असतात. दीड वर्षाच्या अंकुरला सांभाळायला घरात दुसरं कोणी नाही.

नियमाने मला तिची गैरहजेरी वर कळवायला हवी. कळवली की ती पटावरून जाणार आणि आम्ही एकोणीस होणार. तू बत्तीस वर्षं शाळा सांभाळल्यास. मी काय करू ते सांग. तोवर तिच्या नावापुढचे रकाने कोरे ठेवले आहेत.

तुझा चारू

---

यवतमाळ
४ डिसेंबर २०२४

चारू,

ते यंत्र कानात शिट्ट्या मारतं, म्हणून कपाटात आहे. आणि शाळा 'सांभाळल्यास' म्हणे. शाळा काय शेरडं आहेत रे?

आता मुद्द्याचं. नाव कापू नकोस. आपलं नाव गेलं हे पोरीला कळलं की तिचा पाय पुन्हा शाळेकडे वळत नाही. कोरे रकाने भरून टाक, रोज हजेरीची रेघ मार आणि गप्प बस. महागावला आम्ही सगळे तेच करायचो. कापूस फुटला की अर्धा वर्ग शेतात. सगळ्यांची नावं कापली असती तर फळ्यालाच शिकवावं लागलं असतं.

माझ्याकडे कोकिळा नावाची मुलगी होती. वेचणीला गेली ती गेलीच. मी अख्खा हंगाम तिची हजेरी मांडली. सातवी पास झाली ती. पुढे तिच्या गावच्या बचत गटात बायकांनी तिला सचिव केलं. मी नाव राखलं म्हणूनच ना?

साहेब लोकांना कागद पुरा लागतो. आपण कागद पुरा ठेवायचा आणि मूल परत यायची वाट पाहायची. यात खोटेपणा वगैरे काही नाही, ही माणुसकी आहे. तुझ्या बाबांसारखा रात्रंदिवस विचार करत बसू नकोस. आणि तिकडे जंगलात थंडी जास्त असते, मी दिलेलं स्वेटर घालतोस का, ते लिही.

मंजुआत्या

---

सावळदरी
८ जानेवारी २०२५

मंजुआत्या,

स्वेटर घालतो. तुझं बाकीचंही ऐकलं. मागचे रकाने भरले तेव्हा जरा अवघड गेलं. आता रोज वीस रेघा मारतो आणि काही वाटत नाही. मधुवंतीताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण त्या बोलल्या नाहीत. शाळा बंद झाली तर दोघांचीही बदली होणार, ती त्यांनाही नकोच आहे.

मागच्या आठवड्यात शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली. गावात दारोदार फिरून, शाळेत न जाणारी मुलं शोधून नावं लिहायची होती. मी टेबलाशी बसूनच फॉर्म भरला. निकिता रोज हजर असताना तिचं नाव त्यात कसं लिहिणार? सावळदरी, शाळाबाह्य मुलं: निरंक. बैठकीत केंद्रप्रमुखांनी माझं नाव घेतलं. जंगलातल्या गावात एकही मूल शाळेबाहेर नाही, म्हणून टाळ्या झाल्या.

तो फॉर्म द्यायला जाताना निकिता दिसली होती. शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला उभी होती, कडेवर अंकुर. मोटारसायकलचा आवाज ऐकून रस्त्याच्या दिशेने दोन पावलं पुढेही आली. मला उशीर होत होता, म्हणून मी नुसता हात केला. तिनेही केला. बरी दिसली, जरा काळवंडली आहे एवढंच.

संक्रांतीला तिळगूळ पाठवला नाहीस तर रागवेन.

चारू

---

यवतमाळ
१७ जानेवारी २०२५

चारू,

तिळगूळ तुझ्या बाबांकडे दिला आहे. टाळ्यांचं वाचून बरं वाटलं, पण तुझं पत्र मला काही पटलं नाही. दोनदा वाचलं.

पावसाळ्यात तूच लिहिलं होतंस की ही मुलगी भावाला वर्गात आणते, तो मागे सतरंजीवर निजतो आणि ही गणितं करते. मग आता काय झालं? कापूस फुटला तरी भाऊ तोच, कड तीच आणि सतरंजीही तीच. आई शेतात गेली म्हणून ती त्याला घेऊन शाळेत का येऊ शकत नाही? मी पोरांच्या थापा ऐकण्यात जन्म घालवला आहे, चारू. तू थाप मारतो आहेस असं म्हणत नाही, पण काहीतरी गाळलं आहेस.

आणि तिच्या घरी अजून एकदाही गेलेला दिसत नाहीस. जाऊन ये.

मंजुआत्या

---

सावळदरी
१२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन फाडली.

काल विमलबाई निकिताला घेऊन शाळेत आल्या होत्या. तालुक्याला मुलींची निवासी शाळा आहे. ज्यांची शाळा सुटली अशाच मुलींना तिथे घेतात, राहणं-जेवण सगळं तिथेच. विमलबाईंना हे बाजारात कोणाकडून तरी कळलं. एका दिवसाची वेचणी सोडून ती बाई पोरीला घेऊन तिथे गेली, आत्या. आपण होऊन गेली, कोणी सांगायला आलं नव्हतं. अंकुरचं मी पाहीन, दिवसभर पाठीशी बांधून वेचीन, पण पोरगी शिकू दे, असं तिने ठरवलं होतं. तिथल्या मॅडमनी शाळाबाह्य मुलांची यादी काढली. आमच्या गावापुढे निरंक. मग निकिताचं नाव शोधलं, तर ती आमच्या पटावर, हजेरी पूर्ण. रोज शाळेत जाणारी मुलगी आम्ही कशी घ्यायची, असं म्हणून त्यांनी परत पाठवलं.

विमलबाई भांडायला आल्या नव्हत्या. काहीतरी गलती झाली असेल, जरा पाहा, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. हजेरीपट टेबलावर उघडाच होता. निकिताने तो आपल्याकडे ओढला. आपल्या नावावर बोट ठेवलं आणि ओळीने सरकवत नेलं. पान उलटलं, पुन्हा ओळीने. ओठ हलत होते तिचे, मोजत होती.

'सर, सदुसष्ट दिवस आली मी,' ती म्हणाली.

तिने बोट तसंच पानावर ठेवलं. मग ती म्हणाली, 'मी रोज धुऱ्यावर उभी राहो. शाळेची घंटा आयकू ये. मले वाटे, आज नाही तं उद्या सर बलावाले येतीन. तुम्ही तं मले हजरच धरून राह्यले होते.'

तिचा आवाज चढला नाही. रडलीही नाही. मी कुठे पाहावं ते मला कळेना. विमलबाईंना काय झालं ते पुरतं समजलं नव्हतं. त्या तिच्या तोंडाकडे, माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या, आणि मग दोघी गेल्या.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. नोव्हेंबरात तपासणी होती. आदल्या दिवशी अंकुरने वर्गात घाण केली. साहेब येणार म्हणून मी आधीच वैतागलेला. सगळ्या वर्गासमोर निकिताला म्हणालो, 'उद्यापासून याला आणायचं नाही. ही शाळा आहे, पाळणाघर नाही.' मुलं हसली. तिने आपल्या ओढणीने फरशी पुसली, दप्तर भरलं आणि भावाला उचलून निघून गेली. त्यानंतर ती आली नाही. मला फक्त तपासणीच्या दिवसापुरतं म्हणायचं होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. तुला कापसाचं नाव सांगितलं. तिला कापसाने नेलं नव्हतं, मी हाकललं होतं. आणि नाव राखलं तेही तिच्यासाठी नव्हतं, विसाचा एकोणीस होऊ नये म्हणून राखलं. तिच्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहायची माझी छाती नव्हती. हजेरीची रेघ मारणं त्यापेक्षा सोपं होतं.

उद्या पट दुरुस्त करतो. खरं ते लिहून वर पाठवतो. नवी यादी बंद व्हायला अजून वेळ आहे.

चारू

---

यवतमाळ
१७ फेब्रुवारी २०२५

चारू,

ते पाळणाघराचं वाक्य वाचलं आणि पत्र उलटं करून ठेवलं. तू असं बोललास? आपल्या घरातला मुलगा?

पण आता मी सांगते ते नीट ऐक. पटाला हात लावू नकोस. सदुसष्ट दिवसांची खोटी हजेरी ही साधी गोष्ट नाही. नोटीस येईल, निलंबन होईल, वर्षानुवर्षं चौकशी चालेल. मधुवंतीचीही मान अडकेल. शाळा बंद झाली तर बाकीच्या एकोणीस मुलांनी कुठे जायचं? निकिताच्या घरी जा, माफी माग, तिला भावासकट वर्गात बसव. जूनमध्ये आठवीचं काय ते आपण इथून बघू, माझ्या ओळखी आहेत.

मी तुझ्या भल्याचंच सांगते. आजवर ऐकलंस तसं एवढंही ऐक.

मंजुआत्या

---

सावळदरी
६ मार्च २०२५

आत्या,

उद्या म्हणता म्हणता चार दिवस गेले, तेवढ्यात तुझं पत्र आलं आणि मी थांबलो. दहा दिवस थांबलो. तुला दोष देत नाही. मला थांबायला कारण हवंच होतं, ते तू दिलंस. माफी मागायला जायचं म्हणालीस, तेही उद्या-उद्या करत राहिलो.

मग अठ्ठावीस तारखेला लाल शाईने सदुसष्ट वेळा 'गै' लिहिलं, खाली सही केली आणि सगळं जसं घडलं तसं लिहून कार्यालयात नेऊन दिलं. केंद्रप्रमुख आधी भडकले. हे कागद घरी नेऊन जाळा, म्हणाले. नंतर पुन्हा एकदा वाचले आणि घेतले. नोटीस काल हाती आली. मधुवंतीताई माझ्याशी बोलत नाहीत. व्हायचं ते होऊ दे.

निकिताचं नाव यादीत गेलं. निवासी शाळेने जूनपासून जागा दिली, तसं पत्रही दिलं. ते खिशात घालून मी थेट तिच्या घरी गेलो. पहिल्यांदाच गेलो. दाराला कुलूप. शेजारच्या रुपीबाई म्हणाल्या, कापूस सरला म्हणून सगळे पैनगंगेपलीकडे तेलंगणात मिरची तोडायला गेले. आठ दिवस झाले.

बारा तारखेलाच गेलो असतो तर ती घरी होती. हे मी सारखं मोजतो आहे.

चारू

---

यवतमाळ
१३ मार्च २०२५

चारू,

मला दोष देत नाहीस म्हणतोस, पण दे. मी तुला कोकिळाची गोष्ट अर्धीच सांगितली होती.

कोकिळा वेचणीवरून परत आलीच नाही. तोवर ती जेमतेम अक्षरं ओळखायची, तरी मी तिला सहावीत हजर ठेवलं, सातवीत हजर ठेवलं आणि कागदावर पास करून तिच्या बापाच्या हाती दाखला दिला. त्याने माझे पाय धरले. मला वाटलं, केवढं पुण्य केलं.

पंधरा वर्षांनी त्यांच्या गटाच्या वर्धापनदिनाला मला पाहुणी म्हणून बोलावलं. गावात सातवी पास बाई ती एकच, म्हणून बायकांनी तिला सचिव केलेलं. कोणीतरी तिला मागच्या बैठकीचा वृत्तांत वाचायला सांगितलं. ती वही घेऊन उभी राहिली. वही उलटी नव्हती एवढंच. बायका वाट पाहत बसल्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिची बाई, उठून वही हातात घेऊन सहज वाचून टाकता आलं असतं. मी पदर सारखा केला आणि दुसरीकडे पाहिलं. ती वही खाली ठेवून बाहेर गेली. पुढे गटातही येईनाशी झाली, असं ऐकलं. सचिव होती एवढंच मी लोकांना सांगत आले, आणि तुलाही.

तिच्यासारख्या किती असतील, मला आठवतही नाहीत. माझ्या पटावर सगळ्या हजर आहेत.

तू माझं ऐकलंस, हे मला आता सोसत नाही. त्या पोरीकडे जा. कितीही लांब असली तरी जा.

मंजुआत्या

---

सावळदरी
३ एप्रिल २०२५

आत्या,

जाऊन आलो. मुकादमाचा नंबर रुपीबाईंकडे होता. तीन गाड्या बदलून वरंगलच्या अलीकडच्या एका गावात पोचलो. सगळीकडे वाळत घातलेली मिरची, डोळ्यांतून पाणी थांबत नाही. पन्नासेक माणसं, निम्मी आपल्या भागातली. निकिता तोंडाला ओढणी बांधून मिरची निवडत बसली होती. मला पाहिल्याबरोबर उठली आणि मी इतक्या दूर कसा आलो, कुठे उतरलो, जेवलो का, सगळं मोठ्या बाईसारखं विचारू लागली. विमलबाईंनी चहा ठेवला. मी आधी दोघींची हात जोडून माफी मागितली. विमलबाई घाबरल्याच, मास्तर असे हात जोडतो म्हणजे काय. निकिता खाली पाहत होती.

पत्र मी तिच्या हातात दिलं. तिने ते स्वतः वाचलं, दोनदा. विमलबाई म्हणाल्या, जाय ना बाई, मी पाह्यतो अंकुरले. बबनरावही जिनिंग बंद झाल्यावर तिथेच आले होते, तेही हो म्हणाले. घरातलं कोणी आडवं येत नव्हतं, आत्या.

तिने पत्राची घडी केली आणि मला परत दिली.

'शाळा चांगली हाये सर. पण मी नाही जात.'

मी कारण विचारलं. ती पुन्हा मिरची निवडायला खाली बसली. मग म्हणाली, 'तिथं एखांद्या दिवशी मी नाही दिसली, तं कोणाले समजन? माह्यं नाव तं राह्यतेच.'

मी म्हणालो, कळेल, तिथल्या मॅडम चांगल्या आहेत, मी स्वतः दर महिन्याला येईन. मोठी माणसं बोलतात तेव्हा ऐकून घ्यायचं असतं, तसं तिने ऐकून घेतलं. तेवढ्यात पोती भरायला हाक आली. तिने अंकुरला माझ्याकडे दिलं. 'तो कोनाजवळ बी झोपते सर, तरास नाही देत,' म्हणाली आणि गेली. तो खरंच माझ्या खांद्यावर झोपला, तासभर. वर्गातही तो असाच झोपायचा. मी रडलो, आत्या. मिरचीमुळे कोणाला वेगळं वाटलं नाही.

विमलबाई रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. जूनपर्यंत समजावून पाहते म्हणाल्या, पण पोरीचं मनच उठलं. त्या मला एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. जागा पंधरा जूनपर्यंत ठेवली आहे. मी मे महिन्यात पुन्हा जाणार आहे, त्यानंतरही जाईन. ती येईल असं मला वाटत नाही.

चौकशी सुरू आहे. शाळेचं काय होणार तेही सुट्टीत कळेल. आत्ता सकाळची शाळा आहे. चौथीतला रजत काल आला नव्हता. मोहाची फुलं पडायला लागली आहेत, मुलं पहाटेच जंगलात जातात. येईल चार दिवसांनी, असं मी मागच्या वर्षीपर्यंत म्हणत होतो. आज प्रार्थना संपली, साडेसात होऊन गेले, तरी त्याची जागा रिकामी आहे. मधुवंतीताईंना सगळे वर्ग बघायला सांगितले, त्या अजून बोलत नाहीत, पण त्यांनी होकाराची मान हलवली. लिहायचं बरंच राहिलं आहे. मी त्याच्या घरी निघतो.

चारू